बर्फावर दगड ढकलायला पेठेत वर्गणी मागावी का?

मंगळवारपेठी (११ जानेवारी, रात्री ९:५०)

मंडळी, विषय जरा वेगळा आहे. हसायचं असेल तर आधीच हसून घ्या.

माझा भाचा (थोरल्या बहिणीचा) चार वर्षांपूर्वी नोकरीसाठी स्कॉटलंडला गेला. ग्लासगोजवळ राहतो. थंडीत संध्याकाळी करायचं काय, म्हणून ऑफिसातल्या एकाबरोबर कर्लिंगच्या क्लबात जायला लागला. बघता बघता आपल्याच भागातल्या चार पोरांचा संघ झाला. भाचा आणि आणखी एक कोल्हापूरचे, एक निपाणीचा आणि एक सांगलीचा. मार्चमध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका गावच्या क्लबाची खुली स्पर्धा आहे, तिथं नाव दिलंय. देशाचा संघ वगैरे अजिबात नाही, हौशी लोकांची स्पर्धा.

तर पोरं म्हणतात, जर्सीवर 'करवीर' लिहिणार. प्रवास, राहणं, नावनोंदणी धरून खर्च बराच आहे, तेव्हा मावशी, पेठेत थोडी वर्गणी जमते का बघ. आमच्या पेठेत वर्गणी कशालाही जमते हे खरं. पण पावतीपुस्तक घेऊन लोकांच्या दारात उभं राहायचं म्हणजे मला संकोच वाटतोय. पहिला प्रश्न येणार, "खेळ कसला?" आणि तो मलाच धड सांगता येत नाही. आमच्या आईनं (वय ८१) मोबाईलवर बघून एवढंच विचारलं, "ही पोरं दगडापुढं झाडू कशाला मारायल्यात?"

कुणाला माहिती असेल तर सांगा. आणि वर्गणीचं तुमचं प्रामाणिक मत पण सांगा.

कटवाला

संघात सांगलीकर घेतलाय? वर्गणी विसरा. :)

सांगलीची_हळद

झाडू मारायला सांगलीकर आणि जर्सीवर नाव करवीरचं. चालू द्या.

दुपारची_झोप

पुण्यातून विचारतोय, म्हणून आधीच माफी. निपाणी कर्नाटकात आहे ना?

कटवाला

@दुपारची_झोप, हे वाक्य निपाणीत उभं राहून म्हणून दाखवा. झोप उडेल.

गारठा (१२ जानेवारी, पहाटे ५:१५)

मूळचा शाहूपुरीचा, आता १९ वर्षं कॅनडात विनिपेगला. इथं हा खेळ आपल्याकडच्या कॅरमसारखा आहे, गल्लीगल्लीत क्लब. दर मंगळवारी खेळतो, म्हणून जरा इस्कटून सांगतो.

गोट्या खेळलेल्या माणसाला कर्लिंग दहा मिनिटांत कळतं. सुमारे १५० फूट लांब आणि १५ फूट रुंद अशी बर्फाची पट्टी. दोन्ही टोकांना १२ फूट व्यासाचं वर्तुळ रंगवलेलं असतं, त्याला 'घर' म्हणतात. संघात चौघं. प्रत्येकानं दोन दगड सोडायचे, समोरच्या संघाशी आळीपाळीनं. दोन्हीकडचे मिळून सोळा दगड संपले की एक डाव झाला. मग घराच्या मध्याजवळ कुणाचा दगड आहे ते बघायचं. गुण फक्त त्यालाच. समोरच्याच्या सगळ्यात जवळच्या दगडाच्याही आत तुमचे जितके दगड, तितके गुण. दुसऱ्याला भोपळा. ऑलिंपिकला चौघांच्या सामन्यात असे दहा डाव असतात, हौशी स्पर्धांत कमी.

खरी गंमत शेवटच्या दगडात. ज्याच्याकडे डावातला शेवटचा दगड, त्याच्याकडे 'हॅमर' आहे म्हणतात. गुण मिळाले की पुढच्या डावात हॅमर समोरच्याकडे जातो. त्यामुळं कधी कधी मुद्दाम एकही गुण न घेता घर रिकामं सोडतात, हॅमर हातात राहावा म्हणून. कॅरममध्ये राणी पाकिटाच्या तोंडाशी ठेवून वाट बघणारे लोक असतात ना, तसला डोक्याचा खेळ.

आता आजींचा प्रश्न. ते बर्फ काचेसारखं नसतं. सामन्याआधी त्यावर पाण्याचे थेंब शिंपडतात, ते गोठतात आणि घामोळं उठल्यासारखा खरबरीत थर तयार होतो. दगड तळाला खोलगट असतो, फक्त एका अरुंद कडेवर टेकतो. झाडूनं जोरात घासलं की त्या बारीक टेंगळांचा माथा किंचित तापतो, घर्षण कमी होतं, दगड लांब जातो आणि कमी वळतो. दमदार घासणारे असले तर तीन-चार मीटरचा फरक पडतो. म्हणजे आजींना सांगा, पोरं कचरा काढत नाहीत, दगडाला वाट करून देतात.

आणि पलीकडच्या घरात उभा राहून बोंबलणारा असतो तो कप्तान, म्हणजे स्किप. तो "हरी! हरी हार्ड!" असं ओरडला की जीव तोडून घासायचं.

मंगळवारपेठी

गारठा, लई उपकार. आईला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणते, "हरी हरी करत घासत्यात? मग आमी जलमभर भांडी घासली ती काय येगळी?"

चिंगी०७

आजींना स्किप करा. विषय संपला.

लालमाती (१२ जानेवारी, रात्री १०:२०)

सगळे हसालाय, हसा. पण वर्गणीचा विषय निघालाय म्हणून बोलतो, राग मानू नका.

मी स्वतः अकरा वर्षं तालमीत काढल्यात. खेड्यातनं आलेलं पोरगं तालमीत राहतं. दूध, तूप, बदाम ह्याचा महिन्याचा हिशेब बापाच्या शेतीतनं निघत नाही. मैदानाच्या दिवसांत चार इनामं मिळतात, बाकी वर्षभर उधारी. गुडघा गेला की संपलं, कोण विचारत नाही. फुटबॉलवाल्या पोरांची तीच गत. शाहू स्टेडियमवर हजारोंनी माणूस जमतं, पण पोरगं बूट उसने घेऊन खेळतं.

आणि ही पोरं पौंडात पगार घेणार, आल्प्समध्ये जाणार, आणि त्यास्नी पेठेतल्या रिक्षावाल्यानं ५१ रुपये द्यायचे? हौस असंल तर स्वतःच्या खिशातनं करा की. कोण नको म्हणतंय?

निवांत

लालमाती +१. कटू आहे, पण बरोबर आहे.

सदरेवरून

लालमातींचं दुखणं मान्य. तरी एक आठवण करून देतो, कारण ह्या गावाला वर्गणी करून पोरगं परदेशी पाठवायची जुनी सवय आहे. १९४८ साली खाशाबा जाधव लंडन ऑलिंपिकला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीवर. मॅट कधी पाहिली नव्हती, तरी सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा पैशाची परत तीच रड. खाशाबा राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. तिथले प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. लोकांनीही जमेल तसं दिलं. तिथून कांस्यपदक आलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. त्या वेळीही "हे कशाला" म्हणणारे असणारच.

लालमाती

सदरेवरून काका, तुमचा मान राखून सांगतो. खाशाबा देशाकडून गेले होते, निवडून. आणि परत आल्यावर त्यांनी कुस्त्यांचं मैदान भरवलं, त्याच्या पैशातनं प्राचार्यांचं घर सोडवलं. ही अर्धी गोष्ट कोण सांगत नाही. तुमची पोरं परत येऊन काय सोडवणार?

सदरेवरून

हे मात्र निरुत्तर केलंत.

दुपारची_झोप

पण हा प्रकार ऑलिंपिकमध्ये खरंच आहे? मला वाटलं होतं हॉटेलातला टाइमपास असेल.

गारठा

आहे, आणि जुना आहे. १९२४ ला फ्रान्समधल्या शामोनीला पहिलं हिवाळी ऑलिंपिक झालं त्यात कर्लिंग होतं. पण ते अधिकृत की प्रदर्शनी, हा घोळ इतका चालला की त्या पदकांना मान्यता मिळायला २००६ उजाडलं. मधल्या काळात खेळ पदकांच्या बाहेरच, अधूनमधून नुसता प्रदर्शनी. १९९८ ला नागानोपासून पदकाचा खेळ म्हणून कायम झाला, आणि २०१८ पासून एक बाई-एक पुरुष अशी मिश्र जोडीही आली.

आणि ज्यांना वाटतं की उन्हाच्या देशातल्या लोकांनी ह्यात पडू नये, त्यांच्यासाठी: फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनमधल्या हार्बिनला आशियाई हिवाळी स्पर्धा झाल्या. पुरुषांच्या कर्लिंगचं सुवर्ण कुणाला? फिलिपिन्सला! अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला ५-३ नं हरवून. हिवाळी आशियाई स्पर्धेत आग्नेय आशियातल्या कुठल्याही देशाचं ते पहिलं सुवर्ण. त्या संघातले बहुतेक जण स्वित्झर्लंडमध्ये वाढलेले, मुळं फिलिपिन्सची. म्हणजे ह्या भाच्याच्या संघासारखंच, फक्त ते लहानपणापासून खेळत होते.

चिंगी०७

"फक्त" :D

घर्षण

शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळं मला ह्यातली दुसरीच गोष्ट रंजक वाटते. घरी एक प्रयोग करा. पेला पालथा घाला, गुळगुळीत टेबलावर घड्याळाच्या दिशेनं गिरकी देऊन पुढं सरकवा. तो डावीकडं वळेल. कारण सरकताना पुढच्या कडेवर भार जास्त येतो. कर्लिंगचा दगड तशीच गिरकी दिली तर उजवीकडं वळतो. बरोबर उलटा! असं का, यावर पदार्थवैज्ञानिकांचं अजून एकमत नाही. कुणी म्हणतं पुढच्या कडेखाली बर्फ जास्त तापतो, कुणी म्हणतं पुढची कड बर्फावर बारीक ओरखडे पाडते आणि मागची कड त्या ओरखड्यांच्या रोखानं खेचली जाते. शतकभर वाद चालू आहे. दहावीच्या पोरांना हे सांगितलं तर वर्गात अर्धा तास शांतता होती. गेल्या बावीस वर्षांत पहिल्यांदा.

निवांत

प्रयोग केला. पेला डावीकडं वळला आणि खाली पडला. काचेचा होता. घरात आता माझ्याशी कुणी बोलत नाहीये.

घर्षण

स्टीलचा घ्यायचा हो!

भट्टीकर (१४ जानेवारी, दुपारी १:३०)

जेवणाच्या सुट्टीत वाचलं. माझी शिरोलीत छोटी फौंड्री आहे. एक समजंना, एवढा त्या दगडाचा काय बाऊ? वजन आणि माप सांगा, बिडाचा ओतून देतो. आठ काय, सोळा देतो. हीच माझी वर्गणी समजा.

गारठा

भट्टीकर, मन जिंकलंत, पण बिडाचा चालत नाही. वजन १७.२४ ते १९.९६ किलोच्या मध्ये लागतं, आणि दगड ग्रॅनाइटचाच. तोही कुठलाही नाही. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ समुद्रात एल्सा क्रेग नावाचं एक ओसाड बेट आहे, माणूस राहत नाही, नुसते समुद्रपक्षी. ऑलिंपिकचे दगड तिथल्या ग्रॅनाइटचे. त्यातही दोन जाती. तळाला जो भाग बर्फावर घासतो तिथं 'ब्लू होन', कारण ते पाणी जवळजवळ शोषत नाही. पाणी आत मुरून गोठलं तर दगडाचे कण उडतात. बाकी अंगाला दुसऱ्या जातीचं ग्रॅनाइट, कारण एकमेकांवर आदळून ते फुटत नाही.

भट्टीकर

म्हणजे चकती वेगळ्या मालाची आणि बॉडी वेगळ्या मालाची. मग आमच्यापेक्षा वेगळं काय करतात? बरं, बर्फ सोडा. फरशीवर खेळायचा करता येईल का, खाली बेअरिंग लावून?

गारठा

येतो की! फरशीवरचं कर्लिंग असतंच, हलके दगड आणि तळाला छोटी चाकं. परदेशात शाळांमध्ये मुलांना तसंच शिकवतात.

भट्टीकर

मग बघतो.

कटवाला

संघाचं नाव 'करवीर' फारच सरळ झालं. २०१८ च्या ऑलिंपिकमध्ये कोरियाच्या बायकांचा संघ रौप्य घेऊन गेला, त्यांच्या गावात लसूण पिकतो म्हणून जग त्यांना 'गार्लिक गर्ल्स' म्हणायला लागलं. आपल्याकडं काय पिकतं? गूळ! आणि तो दगड नीट बघा, हुबेहूब गुळाचा रवा, वर फक्त मूठ. नाव ठेवा 'गूळ बॉईज'.

सांगलीची_हळद

आमच्या पोराचं काय? 'गूळ-हळद बॉईज' करा, नाहीतर तो घासणार नाही.

दुपारची_झोप

गुळापुढं मुंगळे झाडू मारतायत, असं दृश्य डोळ्यांसमोर आलं.

मंगळवारपेठी (१९ जानेवारी)

सगळ्यांचे आभार, अगदी लालमातींचे पण. तुमचा प्रतिसाद भाच्याला जसाच्या तसा पाठवला. दोन दिवस उत्तर आलं नाही. मग फोन आला, "मावशी, तो माणूस खरं बोलतोय, वर्गणी राहू दे." खर्च चौघं आपला आपण करणार. आता अडकलंय व्हिसावर. ब्रिटनमध्ये राहत असले तरी भारतीय पासपोर्टावर स्वित्झर्लंडला जायला वेगळा शेंगेन व्हिसा लागतो म्हणे, आणि त्याची तारीख मिळेना. भडंग मात्र आईनं पाठवलंय, चार किलो.

सांगलीची_हळद

भडंग कुठलं? जयसिंगपूरचं असेल तर मी पोरांच्या पाठीशी आहे.

मंगळवारपेठी

घरचं!! विकतचं आई दारात येऊ देत नाही.

लालमाती

भाच्याला सांगा, राग नव्हता. जावा, खेळा.

मंगळवारपेठी (१६ मार्च, रात्री ११:४०)

धागा वर काढतोय. (होय, बाई असून "काढतोय" लिहिलंय. पुणेकरांनी प्रश्न विचारू नयेत.)

व्हिसा मिळाला, पोरं गेली, स्पर्धा झाली. चार सामने, चारही हरले.

पहिला २-९. सहाव्या डावानंतर ह्यांनीच हात पुढे केले, कारण ह्या खेळात सामना हातातून गेला की हस्तांदोलन करून थांबतात, रेटून नेणं बरं दिसत नाही. समोर कोण होतं? चार निवृत्त स्विस आजोबा. भाचा म्हणतो, ते बर्फावर चालत नव्हते, देवळात प्रदक्षिणा घालत होते, आणि प्रत्येक दगड सांगितल्या जागी. दुसरा ३-७. चौथ्यात सांगलीचा पोरगा पाय घसरून हनुवटीवर पडला. एका पायात सरकायचा बूट असतो, दुसऱ्यात रबरी, आणि त्यानं घाईत भलत्या पायावर भार दिला. दोन टाके. तो सामना १-८.

सांगायचाय तो तिसरा. शेवटच्या डावाआधी हे ५-४ नं पुढं. हॅमर समोरच्यांकडं. भाच्याचा शेवटचा दगड घराकडं निघालाय, नेम अगदी बरोबर, दोघं घासतायत. घासता घासता निपाणीच्या पोराचा झाडू दगडाला निसटता लागला. कुणी बघितलं नव्हतं. समोरच्यांनी नाही, आमच्या स्किपनं पण नाही. त्यानं स्वतःच हात वर केला आणि सांगितलं, "लागला." दगड जागीच काढून टाकावा लागला. समोरच्यांनी शेवटच्या दगडावर दोन गुण घेतले. ५-६.

कटवाला

अरे देवा. सांगायचं कशाला?

निवांत

तेच म्हणतो. पंच कशाला असतात मग?

गारठा

क्लबाच्या खेळात प्रत्येक पट्टीवर पंच नसतो. झाडू लागला तर ज्याचा लागला त्यानंच सांगायचं, हा कर्लिंगचा पहिला नियम समजा. न सांगणाऱ्याला परत कुणी खेळायला बोलवत नाही. आणि सामन्यानंतर जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना पाजायचं, हीसुद्धा रीत आहे.

कटवाला

हरणाऱ्याला पाजतात? मग चारही सामने का हरले ते आत्ता कळलं.

मंगळवारपेठी

@कटवाला :D पाजलं म्हणे, आणि ह्यांनी भडंग काढलं. स्विस आजोबांनी मिरची वेचून खाल्ली, मग अर्धा तास बाहेर बर्फात उभे होते.

दुपारची_झोप

तरी मला वाटतं, दगड जाग्यावर जाऊ द्यायचा आणि मग सांगायचं. निदान समोरच्यांनी मोठं मन दाखवलं असतं.

गारठा

पलीकडची हॉग लाईन (घराच्या अलीकडं आखलेली आडवी रेघ) ओलांडल्यावर लागला असता तर तसंच झालं असतं. दगड थांबू द्यायचा, मग ठेवायचा की काढायचा ते समोरच्या स्किपनं ठरवायचं. ह्यांचा त्याच्या आधी लागला, म्हणजे लगेच काढायचा.

लालमाती (१७ मार्च, सकाळी ६:०५)

पाठ टेकली की पंचाच्या आधी पैलवानालाच कळतं. काही जण लगेच फिरून उठतात, टेकलीच नाही म्हणून वाद घालतात, आणि पंच पण कधी फसतो. काही जण तिथंच हात सोडून देतात. आमचे वस्ताद दुसऱ्या जातीच्या पोरांना स्वतःच्या वाटणीचं दूध द्यायचे.

निपाणीच्या पोराला माझा नमस्कार सांगा. पुढच्या साली पावतीपुस्तक घेऊन या. १०१ ची फाडतो. जास्त न्हाई.

सदरेवरून

माझीही १०१. आणि लालमाती, तुमच्या तालमीचं पावतीपुस्तक असेल तर तेही पाठवा. त्यावर ५०१.

भट्टीकर (२२ मार्च)

बोलायचं राहून गेलं होतं, काम चालू होतं. फरशीवरचा दगड तयार आहे. पहिला बिडाचा ओतला, तो भरला २७ किलो. ऑफिसात चाचणी घेतली, स्टीलच्या कपाटाचं दार आत गेलं आणि दोन फरश्या फुटल्या. दुसरा ॲल्युमिनियमचा, आतून पोकळ, खाली तीन बेअरिंग, कडेला जुन्या ट्यूबचं रबर. साडेसहा किलो. हा चालतो. आठ झालेत, आठ फेटलिंगला (घासून साफ करायला) आहेत. आमच्या गल्लीतल्या मंगल कार्यालयाचा हॉल लग्न नसलेल्या रविवारी सकाळी मोकळा असतो, मालक मित्र आहे. खडूनं घर आखलंय.

घर्षण

दहावीची परीक्षा संपली आहे. सहा पोरं घेऊन येतो.

चिंगी०७

मी पण! झाडू घरून आणायचा का?

भट्टीकर

झाडू नको. फरशीवर घासून काही फरक पडत नाही, बेअरिंग आहे.

मंगळवारपेठी

आईला सांगितलं. ती विचारते, घासायचं नाही तर मग हरी हरी कोण म्हणणार? ती येतोय म्हणाली. खुर्ची ठेवा, आणि जिना असेल तर आधी सांगा.

भट्टीकर

जिना नाही. तळमजला. सातला या, नऊला मांडववाले येतात.